एका पगारात उभं राहिलेलं वह्यांचं ऑनलाइन दुकान

दुकानासाठी मी बाजूला काढलेली रक्कम माझ्या एका महिन्याच्या पगाराएवढी होती. कर्ज काढायचं नाही, घरखर्चाच्या पैशाला हात लावायचा नाही, आणि ही रक्कम संपेपर्यंत दुकान स्वतःचा खर्च भागवू लागलं नाही तर गुपचूप बंद करायचं, अशा तीन अटी सुरुवातीलाच लिहून ठेवल्या होत्या. नोकरी चालू होती, ती सोडायचा विचारही नव्हता. त्यामुळे मोकळ्या संध्याकाळी आणि सुट्टीचे दिवस एवढाच वेळ हाताशी होता.

मी हाताने वह्या शिवते. कागदाच्या घड्या घालून जुज करायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने ते एकमेकांना शिवायचे, पाठीला कापड चिकटवायचं, पुठ्ठा चढवायचा. बरीच वर्षं हे हौस म्हणून चाललं होतं आणि वह्या भेट म्हणून वाटल्या जात होत्या. "अगं, विकायला ठेव की!" असं प्रत्येक जण म्हणायचा. पण ओळखीच्या माणसाने वही विकत घेतली तर त्याने पैसे वहीचे दिले की नात्याचे, हे कधीच कळत नाही. म्हणून ठरवलं की पहिली विक्री फक्त अनोळखी लोकांना करायची, आणि तीसुद्धा वेबसाइट वगैरे काही नसताना.

फाउंटन पेनच्या हौशी मंडळींचा एक मोठा फेसबुक ग्रुप होता. ॲडमिनची रीतसर परवानगी घेऊन तिथे चार फोटो टाकले, सोबत एक गुगल फॉर्म आणि पैसे भरायची लिंक. बस, एवढंच दुकान. फोटोत मी मोठ्या अभिमानाने शिवण दाखवली होती. शिवणीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे प्रश्न कागदाचे. शाई फुटते का? मागच्या बाजूला उमटते का? जाड निबचं पेन चालेल का? एकाने तर विचारलं, "कागदाला खळ कसली आहे?" वह्या संपल्या, पण मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे प्रश्नांचं भेंडोळं. ते सगळे एका फाइलमध्ये जसेच्या तसे, विचारणाऱ्याच्या शब्दांत उतरवून ठेवले. पुढे दुकानाच्या पानांवर जे काही लिहिलं त्यातलं निम्मं त्या फाइलमधूनच आलं.

त्या प्रश्नांनी माल ठरवला. तोवर मी रोजनिशी, चित्रकलेची वही, कोऱ्या पानांची, रेघांची, छोटी, मोठी असं सगळं करत होते. पैसा मोजका असताना सहा प्रकारचा कागद भरून ठेवणं परवडत नाही. कागद रीमने, म्हणजे पाचशे कागदांच्या गठ्ठ्याने, घ्यावा लागतो आणि न विकलेली रीम म्हणजे अडकलेलं भांडवल. मग एकच वही ठरवली: ए-फाइव्ह आकार, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, कोरी पानं, आणि फाउंटन पेनला चालेल असा कागद. बाकी सगळं बंद.

कागद शोधताना माझाही एक समज गेला. जाड कागद म्हणजे चांगला कागद असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. प्रत्यक्षात शाई फुटणं किंवा न फुटणं हे जाडीपेक्षा खळीवर जास्त अवलंबून असतं. कागद बनवताना त्याच्या लगद्यात किंवा पृष्ठभागावर जी खळ देतात तिच्यामुळे शाई तंतूंमध्ये धावत सुटत नाही. ऑफिसात झेरॉक्सला वापरतात तो ७५-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद अनेकदा जाड निबखाली फुटतो, आणि टोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद अवघा ५२ जीएसएमचा असूनही फाउंटन पेनवाल्यांच्या गळ्यातला ताईत झालेला आहे. पण खळ चांगली असली की शाई वाळायलाही वेळ लागतो. डावखुऱ्या माणसाचा हात ओल्या ओळीवरून फिरतो आणि पान बरबटतं. हे मी दुकानाच्या पहिल्याच पानावर लिहिलं: डाव्या हाताने भरभर लिहीत असाल तर ही वही घेऊ नका. बहिणीने वाचलं आणि म्हणाली, "ताई, गिऱ्हाईक घालवायचंय का?" घालवायचंच होतं. परत आलेल्या वहीचा येण्याजाण्याचा टपालखर्च माझ्यासारख्या दुकानाला सोसत नाही. आणि गंमत म्हणजे ती ओळ वाचून विश्वास बसला म्हणून वही घेतली, असं सांगणारे बरेच भेटले.

आता हिशेब. ज्याला कमी पैशात काही सुरू करायचं आहे त्याने बाकीचं सगळं सोडलं तरी चालेल, पण एका ऑर्डरचा हिशेब जाहिरातीच्या आधी मांडावा, या बाबतीत मी जरा हट्टी आहे.

सुरुवात पाठवणीपासून केली, कारण तिथेच सगळ्यात जास्त गळती असते. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, पार्सल किती जागा खातं तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, की आकारमानाचं वजन किलोत मिळतं. हे वजन आणि खरं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. माझी वही सुमारे तीनशे ग्रॅमची. आवडलेली देखणी खोकी ३० बाय २५ बाय १० ची होती. गुणाकार ७५००, भागिले ५०००, म्हणजे दीड किलो! तीनशे ग्रॅमच्या वहीला दीड किलोचं भाडं. तीच वही २४ बाय १८ बाय ४ च्या चपट्या खोक्यात घातली तर आकडा साधारण साडेतीनशे ग्रॅमवर येतो. देखणी खोकी तिथेच रद्द झाली. दोन वह्या एकत्र पाठवल्या तर भाडं दुप्पट होत नाही, हेही या आकडेमोडीत दिसलं. म्हणून एक सुटी वही विकणंच बंद केलं आणि जोडी ठेवली.

जोडीची किंमत शंभर धरू, म्हणजे कुठल्याही चलनात वाचता येईल. कागद, पुठ्ठा, कापड, दोरा, गोंद मिळून चोवीस. खोकं, आतला कागद, चिकटपट्टी पाच. पाठवणी सतरा. पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचं, कमिशन तीन. खराब झालेला माल आणि परतीसाठी राखीव तीन. झाले बावन्न. उरले अठ्ठेचाळीस, आणि इथे बहुतेक हौशी लोक थांबतात व नफा झाला म्हणतात. पण माझ्या हातांच्या तासांचं काय? बाहेरून एखाद्या कारागिराकडून शिवून घेतलं असतं तर जेवढे द्यावे लागले असते तेवढे मी माझ्या नावे धरले, तीस. उरले अठरा. म्हणजे एक ऑर्डर मिळवायला जास्तीत जास्त अठरा खर्च करता येतात, आणि तेवढे केले तर हाती शून्य.

या अठराने प्रसिद्धीचे सगळे निर्णय घेतले. समजा जाहिरातीवर एका क्लिकला एक पडतो आणि शंभर जण आले तर दोघे वही घेतात. म्हणजे एका ऑर्डरला पन्नास. अठरात बसायचं तर शंभरातल्या सहा जणांनी घ्यायला हवी, आणि ज्याने आपलं नावही ऐकलेलं नाही असा माणूस इतक्या सहज पाकीट उघडत नाही. जाहिरात वाईट असते असं नाही. माझ्या वहीच्या किमतीत थेट विक्रीची जाहिरात बसत नव्हती, एवढंच.

वेबसाइटबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात फार काही नाट्य नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यावं, बनवून देणाऱ्याच्या नाही. पहिल्या वर्षाची किंमत बघून हुरळू नये, नूतनीकरणाची किंमत बघावी. ती बऱ्याचदा कितीतरी जास्त असते. नवं डोमेन पहिले ६० दिवस साधारणपणे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) हलवता येत नाही, म्हणून आधीच पाहून घेतलेलं बरं. पत्त्यापुढे कुलूप दिसावं, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित आहे हे कळावं, म्हणून एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागणारे अजून भेटतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते फुकट देते आणि बरेच होस्टिंगवाले (साइट ठेवायला जागा देणारे) ते आपोआप बसवून देतात. मी सुरुवातीला एक पान आणि पैसे भरायची लिंक एवढ्यावर भागवलं. ऑर्डरी हाताने लिहून ठेवणं जड जायला लागलं तेव्हा वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर, चढवलं. दोन्ही फुकट आहेत. फुकट याचा अर्थ असा की अपडेट, बॅकअप आणि मध्येच रुसणारे प्लगिन हे सगळं आपल्या अंगावर.

फोटो भाचीने काढले, फोनवरच. खिडकीशी टेबल, उन्हाचा झोत नाही असा उजेड, आणि सावलीच्या बाजूला उभा केलेला पांढरा पुठ्ठा, एवढ्याने काम झालं. "मावशी, वही मिटलेली नको, लिहिलेली दाखव," हे तिचं म्हणणं अगदी बरोबर निघालं. सगळ्यात जास्त पाहिला गेलेला फोटो आहे लिहिलेल्या पानाच्या मागच्या बाजूचा. दिसायला अगदी सामान्य, पण गिऱ्हाइकाला तेच बघायचं असतं. फोटो फोनमधून निघतात तसेच चढवले तर पान उघडायला वेळ लागतो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गुगलचं माप आहे. सगळे फोटो लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात ठेवल्यावर माझं पान त्या मापात बसलं.

प्रसिद्धीतली खरी गोष्ट मात्र नमुन्याच्या पानाची. वही फुकट पाठवणं परवडणारं नव्हतं. पण गिऱ्हाइकाची शंका वहीबद्दल नव्हतीच, कागदाबद्दल होती. कागद कापताना उरणाऱ्या पानांतून ए-फाइव्हची तीन पानं काढायची, अर्ध्यात घडी घालायची आणि साध्या पत्राच्या पाकिटातून पाठवायची. कुरिअर नाही, खोकं नाही. सोबत हाताने लिहिलेल्या चार ओळी: तुमचं सगळ्यात ओलं चालणारं पेन याच्यावर चालवून बघा आणि पानाची मागची बाजू मला दाखवा.

पहिले नमुने फुकट दिले. मग पाकिटाचं टपाल मागणाऱ्याने द्यायचं आणि वही घेतली तर ती रक्कम बिलातून वजा करायची, असं केलं. रक्कम अगदी किरकोळ, पण ती मागताच उगाच मागवणारे गळाले. आता दहा जणांनी नमुना मागवला तर तिघे-चौघे पुढे जोडी घेतात. आणि पानाची मागची बाजू दाखवा म्हटल्यामुळे लोक फोटो पाठवतात, स्वतःच्या पानावर टाकतात, शाईचं आणि पेनचं नाव लिहितात. त्या फोटोंची मी त्यांची परवानगी घेऊन एक यादी केली: अमुक निब, अमुक शाई, असा निकाल. ज्यात शाई फुटली तेही फोटो ठेवले. दोन-तीन शाया माझ्या कागदावर चालत नाहीत, ते तिथे उघड दिसतं. पेनांबद्दल नेमाने लिहिणाऱ्या काही जणांनाही नमुने पाठवले. फक्त एवढंच सांगितलं की लिहिलंत तर पानं फुकट मिळाली होती हे नमूद करा, आणि नाही लिहिलं तरी काही हरकत नाही. बहुतेकांनी लिहिलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडून आजही माणसं येतात.

ही यादी आणि सुरुवातीची प्रश्नांची फाइल यांच्या जोरावर दुकानावर एकेका प्रश्नाचं एकेक पान तयार झालं. शाई का फुटते, जीएसएम म्हणजे काय, वही सपाट उघडण्यासाठी शिवण कशी असावी, वगैरे. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत येतात ते फुकट दिसतं. तिथे मला कळलं की "हस्तनिर्मित वही" हे माझे लाडके शब्द कोणी शोधतच नाही. लोक शोधतात त्यांची अडचण. मग पानांची शीर्षकं अडचणीच्या भाषेत बदलली. फळ यायला कित्येक महिने गेले, आणि त्या काळात काहीच होत नसल्यासारखं वाटतं. अशाच काळात "पहिल्या क्रमांकाची हमी" देणारी ईमेलं येतात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गुगलने स्वतःच लिहून ठेवलंय.

ईमेलची यादी मी नमुना मागवणाऱ्यांमधूनच, त्यांना विचारून केली. छोट्या यादीलाही नियम असतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू पाठवणाऱ्याच्या डोमेनची ओळख पटवायला सांगतात, त्यासाठी ईमेल खरंच त्या डोमेनवरून आलं हे दाखवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम अशा नोंदी डोमेनवर कराव्या लागतात. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना नियम आणखी कडक आहेत, पण माझी तिथवर मजल जाण्याची चिन्हं नाहीत! नवा माल तयार झाला की एक पत्र, एरवी काही नाही. व्हॉट्सॲप बिझनेसही वापरते, कॅटलॉग आणि प्रश्नोत्तरांसाठी. त्यावरची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला आहे त्यांनाच निरोप पोचतो. मला ही अट आवडते.

प्रत्येक ठिकाणी दिलेल्या लिंकला यूटीएमची शेपटी जोडली होती, म्हणजे कोण कुठून आलं ते ॲनालिटिक्समध्ये (साइटवर येणाऱ्यांच्या नोंदीत) वेगळं दिसतं. भाचीच्या आग्रहाने रील्सही करून पाहिल्या. दोरा ओवतानाच्या एका रीलला भरपूर लाइक मिळाले, आणि शेपटीवरून दिसलं की त्यातून जवळजवळ कोणी वही घेतली नाही. बघणाऱ्यांना शिवण बघायला आवडत होतं. वही हवी असणारे लोक वेगळे. एका रीलला लागणाऱ्या वेळात माझे चार-पाच जुज शिवून होतात. म्हणून आता रील मनात आलं तरच.

जाहिरात अगदीच केली नाही असं नाही. नमुन्याच्या पानासाठी गुगलवर छोटीशी केली. तिथे एक गोष्ट माहीत असलेली बरी: आपण दिवसाचं जे बजेट टाकतो ते सरासरी असतं. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत पैसे जाऊ शकतात, महिन्याची मर्यादा मात्र दिवसाच्या आकड्याच्या ३०.४ पट इतकीच राहते. पहिल्याच दिवशी दुप्पट गेलेलं पाहून घाबरायला होतं. दुसरं म्हणजे नको असलेले शब्द वगळण्याची यादी. "पीडीएफ", "डाउनलोड", "फुकट", "शाळेच्या वह्या" हे शब्द वगळल्यावर क्लिक कमी झाले आणि नमुन्याची मागणी तेवढीच राहिली. नमुन्यामार्गे एका ऑर्डरचा जाहिरातखर्च अठराच्या आत, पण काठावर येतो. म्हणून ती कायम चालू नसते. हातात शिवलेल्या जोड्या असतात आणि मागणी मंदावलेली असते तेव्हाच सुरू करते.

सुरुवातीला काढलेली रक्कम आता भरून आली आहे आणि कागदाचा पैसा दुकानातूनच निघतो. नोकरी सोडण्याइतकं काही नाही. माझ्या हाताला एका महिन्यात जेवढ्या जोड्या शिवता येतात त्याहून थोडी जास्त मागणी असते, त्यामुळे जाहिरात वाढवायलाही अर्थ नाही. सध्या घोळ ठिपक्यांच्या पानांचा आहे. बरेच जण मागतात, पण ठिपके छापून घ्यायचे तर छापखान्याला एकदम मोठी संख्या हवी असते आणि तेवढा कागद घेतला तर सगळी गंगाजळी त्यातच जाईल. म्हणून ज्यांनी आजवर नमुना घेतलाय त्यांना पत्र पाठवून आगाऊ नोंदणी सुरू केली आहे. छपाईचा खर्च निघेल एवढी नोंदणी महिनाअखेरपर्यंत झाली तर कागद मागवणार, नाही तर सगळ्यांचे पैसे परत. आज निम्म्याहून थोडी जास्त झाली आहे.